हिऱ्यांच्या मुलखांत खानदेशी भांडवल

परदेशीं जाऊन नोकरी करणें ही गोष्ट आमच्या सुशिक्षित घरांना आतां नवी राहिलेली नाहीं. प्रत्येक आप्तवर्गांत एखादा तरुण अमेरिकेंत, जर्मनींत किंवा आखाती मुलखांत असतोच, आणि घरच्या आजीबाईंनाहि त्या शहरांचीं नांवें नाशिक-पुण्याइतकींच तोंडपाठ झालेलीं असतात. परंतु परदेशीं भांडवल घालून धंदा करणें ही गोष्ट अगदीं निराळी आहे. नोकरींत फसगत झाली तर एका माणसाचीं दोन वर्षें फुकट जातात. धंद्यांत फसगत झाली तर साऱ्या घराची दोन पिढ्यांची पुंजी जाते. म्हणून या विषयाचा विचार उत्साहाच्या भरांत न करतां, चार वडील माणसांनीं एकत्र बसून करावा लागतो. तसा विचार करणाऱ्या कुटुंबांस कांहीं उपयोगी माहिती व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरणादाखल आम्ही दोन ठिकाणें समोर ठेवीत आहों. एक आमच्या परिचयाचें शिरपूर. आणि दुसरें दक्षिण आफ्रिकेच्या शेजारचें बोत्स्वाना नांवाचें राष्ट्र. शिरपुरासारख्या गांवाला सुरत जवळची आहे. जगांत पैलू पाडल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकीं बहुतेक हिरे सुरतेच्या कारागिरांच्या हातांखालून जातात, आणि त्या हिऱ्यांपैकीं पुष्कळांचें माहेर बोत्स्वानाच्या खाणींत असतें. तेव्हां सुरतेशीं ज्यांचें नित्याचें जाणेंयेणें आहे, अशा खानदेशी घरांत एखाद्या संध्याकाळीं आफ्रिकेचें नांव निघालें, तर त्यांत आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं.

देश केवढा, माणसें किती

हा देश विस्तारानें लहान नाहीं. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५ लक्ष ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. परंतु २०२२ च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या सुमारें साडेतेवीस लाखच भरली. एकट्या धुळें जिल्ह्यांत २०११ सालींच साडेवीस लाख माणसें होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या राष्ट्राचा लहानपणा कशांत आहे तें ध्यानीं येईल. धुळें जिल्ह्याएवढीं माणसें दोन महाराष्ट्रांएवढ्या भूमीवर पसरलेलीं आहेत, आणि त्या भूमीचा मोठा भाग कलाहारीच्या वाळूनें व्यापलेला आहे. व्यापाऱ्यानें हा आंकडा प्रथम पाहावा. गिऱ्हाईक थोडें, अंतर फार, आणि समुद्र कोठेंच नाहीं. माल आणावयाचा किंवा न्यावयाचा तर तो शेजारच्या राष्ट्रांच्या बंदरांतून. २०२१ सालीं झांबेझी नदीवर कझुंगुला येथें मोठा पूल झाल्यापासून उत्तरेकडची वाट पुष्कळ सुकर झाली आहे. तथापि वाहतुकीचा खर्च हा या देशांतील प्रत्येक धंद्याच्या हिशेबांतला पहिला रकाना असतो.

एका गरीब राष्ट्राची श्रीमंती

हा मुलूख १८८५ पासून इंग्रजांच्या संरक्षणाखालीं होता. ३० सप्टेंबर १९६६ रोजीं तो स्वतंत्र झाला, तेव्हां जगांतील अत्यंत दरिद्री राष्ट्रांत त्याची गणना होत असे. पुढच्याच वर्षीं ओरापा येथें हिऱ्यांचा सांठा सांपडला. १९८२ मध्यें ज्वानेंगची खाण सुरू झाली, आणि गुराख्यांच्या या देशाचें रूप पालटलें.

पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा हे बामांग्वाटो जमातीच्या राजघराण्यांतील. १९४८ सालीं त्यांनीं एका इंग्रज मुलीशीं विवाह केला, म्हणून इंग्रज सरकारनें त्यांना कित्येक वर्षें मायभूमींत येऊं दिलें नाहीं. शेवटीं गादीवरील हक्क सोडून ते १९५६ मध्यें परत आले. ओरापाचा सांठा त्यांच्याच जमातीच्या प्रदेशांत निघाला. तो आमच्याच जमातीचा, असें म्हणणें त्यांना सहज शक्य होतें. परंतु जमिनीखालचें धन कोण्या एका जमातीचें नसून सर्व राष्ट्राचें आहे, असा कायदा १९६७ मध्यें झाला, आणि त्यांच्या जमातीनें आपला हक्क राष्ट्राच्या स्वाधीन केला. पुढें खाणी चालविणाऱ्या कंपनींत सरकारची आणि डी बीअर्स या कंपनीची निम्मी-निम्मी भागी ठरली. त्या उत्पन्नांतून शाळा, दवाखाने आणि रस्ते झाले.

आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस या कथेंतील मर्म वेगळें सांगावयास नको. ज्याच्या शेतांत विहिरीला पाणी लागलें त्यानें तें साऱ्या घराचें मानलें, तर घर टिकतें. त्यानें विहिरीला कुलूप घातलें, तर पाणी असूनहि घर कोरडें पडतें.

हिऱ्याचा भरंवसा किती

या श्रीमंतीला दुसरी बाजूहि आहे. कित्येक वर्षें या देशाच्या निर्यातीपैकीं सुमारें चार-पंचमांश भाग एकट्या हिऱ्यांचा होता. डी बीअर्सनें आपली कच्च्या हिऱ्यांची विक्री २०१३ मध्यें लंडनहून राजधानी गॅबोरोन येथें हलविली. पैलू पाडण्याचें कामहि देशांतच व्हावें असा सरकारनें आग्रह धरला, आणि त्यामुळें कित्येक भारतीय व्यापाऱ्यांनीं तेथें कारखाने घातले. २०२४ च्या ऑगस्टांत करोवे येथील खाणींत सुमारें अडीच हजार कॅरटांचा एकच हिरा निघाला, तेव्हां साऱ्या जगानें तोंडांत बोट घातलें.

परंतु त्याच सुमारास बाजार उतरत होता. कारखान्यांत तयार होणारे हिरे, आणि त्यांत सुरतेचा वांटा मोठा, खाणींतल्या हिऱ्याचें मोल खालीं ओढूं लागले. २०२४ सालीं बोत्स्वानाचें एकूण उत्पन्न वाढण्याऐवजीं घटलें. त्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या निवडणुकींत, १९६६ पासून अखंड सत्तेवर असलेला पक्ष पराभूत होऊन डुमा बोको हे अध्यक्ष झाले. सत्तांतर शांततेनें झालें, ही त्या राष्ट्राच्या शहाणपणाची खूण होय. परंतु रिकाम्या खिशानें मतदान होतें तेव्हां काय घडतें, याचीहि ती खूण होय.

याहून बोलका धडा सेलेबी-फिक्वे या गांवचा आहे. तें गांव तांबें-निकेलच्या एका खाणीवर वसलेलें होतें. २०१६ च्या ऑक्टोबरांत ती खाण बंद झाली आणि हजारों माणसांचा रोजगार एकदम गेला. खाणीच्या पगारावर चालणारे लहानसहान धंदे मग कोणाच्या आधारावर उभे राहणार? जेथें साऱ्या गांवचें पोट एकाच चुलीवर शिजतें, तेथें धंदा घालणाऱ्यानें ती चूल किती वर्षें पेटणार हें आधीं पाहावें.

काय करतां येतें, काय येत नाहीं

आपल्याकडील माणूस परदेशीं धंद्याचा विचार करूं लागला कीं त्याच्या डोळ्यांपुढें प्रथम दुकान उभें राहतें. हाच पहिला अडथळा आहे. किरकोळ विक्रीच्या दुकानांसारखे कित्येक लहान धंदे तेथील कायद्यानें नागरिकांकरितां राखून ठेवले आहेत. कोणी परिचित माणूस “माझ्या नांवावर परवाना घेऊं, धंदा तुम्ही चालवा” असें म्हणूं लागला, तर त्या घराचा उंबरठा पुन्हां ओलांडूं नये, असें आम्हांस वाटतें. परवाना ज्याच्या नांवाचा, दुकान त्याच्या मालकीचें. भांडण झाल्यास परक्या देशांतील न्यायालयांत आपल्या हातीं कांहींहि राहत नाहीं.

जमिनीचेंहि तसेंच. तेथील बहुतेक भूमि जमातींची आहे, आणि तिची वांटणी १९७० पासून भूमि-मंडळांकडे आहे. अशी जमीन खरेदीखत करून आपल्या नांवावर करतां येत नाहीं. ती ठराविक मुदतीच्या पट्ट्यानें मिळते. खानदेशांतील मनुष्याला सातबारा हाच पुरावा वाटतो. तेथें पट्ट्याची मुदत, तो दुसऱ्यास देण्याचा हक्क, आणि विहिरीच्या पाण्याचा हक्क हे तिन्ही कागद वेगवेगळे वाचावे लागतात.

याउलट मोठ्या सोयीच्याहि गोष्टी आहेत. राज्यकारभार आणि न्यायालयें इंग्रजींत चालतात. परकी चलनावरील निर्बंध १९९९ मध्येंच उठविले गेले, त्यामुळें नफा बाहेर आणण्यास त्या देशाची आडकाठी नाहीं. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी यांच्यासह हा देश १९१० सालापासूनच्या जकातसंघांत आहे. तेव्हां एका ठिकाणीं तयार केलेला माल पांचहि राष्ट्रांत विकण्याची वाट मोकळी असते. एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांत कर पडूं नये, असा भारताशीं करारहि २००६ सालीं झालेला आहे.

सरकारी आज्ञेच्या आधारावर उभा राहणारा धंदा मात्र जपून करावा. परदेशी भाजीपाल्यापासून स्थानिक शेतकऱ्याला संरक्षण मिळावें म्हणून २०२२ पासून तेथें कित्येक भाज्यांच्या आयातीवर बंदी होती. पुढें नवें सरकार आल्यावर ती शिथिल करण्यांत आली. बंदीच्या भावांवर ज्यानें आपला हिशेब मांडला असेल, त्याच्या वहीचें काय झालें असेल, याची कल्पना कांद्याचे भाव पाहिलेल्या आमच्या शेतकऱ्यास सहज येईल.

खानदेशाजवळ काय आहे

मग अशा देशांत आमच्या माणसांनीं काय न्यावें? आमच्या मतें, पैशापेक्षां विद्या न्यावी. शिरपूर तालुक्यांत २००४ पासून भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखालीं नाले रुंद आणि खोल करून, त्यांवर बंधारे बांधून, पावसाचें पाणी जमिनींत जिरविण्याचें काम झालें. ‘शिरपूर पॅटर्न’ या नांवानें तें सर्वश्रुत आहे. जळगांवानें ठिबक सिंचन घराघरांत पोंचविलें. केळी आणि कापूस थोड्या पाण्यावर कसा जगवावा, पंप कसा दुरुस्त करावा, बोअरचें पाणी वर्षभर कसें पुरवावें, हें आमच्या तरुणांनीं लहानपणापासून पाहिलेलें असतें. आणि बोत्स्वानांत खेडोपाडींचे लोक व गुरें बहुतांशीं बोअरच्या पाण्यावरच जगतात.

येथेंहि एक सावधगिरी हवी. तापीकांठची भूमि आणि कलाहारीची वाळू यांची जात एक नव्हे. येथें जो नाला पाणी जिरवितो, तसा नाला तेथें मुळींच नसेल. जें पाणी लागेल तें खारें असेल. म्हणून विद्या न्यावयाची ती नकाशासारखी नव्हे, तर वैद्यकीसारखी: रोग्याची नाडी पाहून मग औषध. एक हंगाम तेथें राहून, कोणाच्या तरी हाताखालीं काम करून, नंतरच स्वतःचा धंदा मांडावा.

परदेशीं भांडवल घालण्याचा सर्वांत मोठा अनुभव खानदेशांत जळगांवच्या जैन उद्योगाला आहे. भवरलाल जैन यांनीं उभारलेल्या या कंपनीनें इस्राएलसारख्या ठिबकाच्या माहेरघरींहि कारखाना घेतला, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु विस्ताराबरोबर कर्जाचा भारहि वाढला. २०१९ मध्यें कंपनीस देणीं वेळेवर भागविणें कठीण झालें, आणि अखेर २०२३ सालीं परदेशांतील सिंचनव्यवसाय रिव्हुलिस या कंपनींत विलीन करून तिनें कर्ज हलकें केलें. मोठ्या वृक्षाची एखादी फांदी छाटली तरी खोड उभें राहतें. लहान घराच्या धंद्याला छाटण्यासाठीं दुसरी फांदीच नसते. म्हणून कर्ज काढून परदेशीं धंदा करणें हें लहान कुटुंबानें मुळींच मनांत आणूं नये.

पैसा कोणाचा आणि जातो कोणाच्या नांवें

आतां आम्ही या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे वळतों. समजा, शिरपुरांतील एका एकत्र कुटुंबांत चार भाऊ आहेत. जिनिंगच्या आणि शेतीच्या उत्पन्नांतून समाईक खात्यांत चाळीस लाख रुपये सांठले आहेत. आणि धाकट्या भावाचा मुलगा बोत्स्वानांत पंप व ठिबकाचा धंदा काढूं म्हणतो. हा पैसा परदेशीं कसा जाणार?

रिझर्व्ह बँकेच्या सवलतीप्रमाणें प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षांत अडीच लक्ष डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं पाठवितां येते. परंतु ही सवलत व्यक्तीला आहे. अविभक्त हिंदु कुटुंबाला नाहीं. घराचा कर्ता कुटुंबाच्या खात्यांतून या वाटेनें एक रुपयाहि धंद्यासाठीं बाहेर धाडूं शकत नाहीं. निरनिराळ्या माणसांच्या नांवें रकमा पाठवून त्या तेथें एकत्र कराव्या म्हटलें, तर ज्या ज्या माणसाच्या नांवानें पैसा गेला तो तो त्या धंद्यांत भागीदार असला पाहिजे. दुसरी वाट म्हणजे येथें नोंदलेली कंपनी किंवा नोंदलेली भागीदारी संस्था, जी २०२२ च्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांप्रमाणें आपल्या ऐपतीच्या मर्यादेंत तेथें भांडवल घालूं शकते. घरें-जमिनींच्या खरेदीविक्रीचा धंदा मात्र या नियमांनीं वर्ज्य केला आहे.

व्यवहारांत काय घडतें? समाईक खात्यांतून रक्कम पुतण्याच्या नांवें काढली जाते, “घरचाच आहे” म्हणून कोणी कागद करीत नाहीं, आणि गॅबोरोनच्या नोंदणीपुस्तकांत सारे भाग एकट्या पुतण्याच्या नांवावर चढतात. धंदा बुडाला तर चाळीस लाख चौघांचे बुडाले. धंदा चालला तर कायद्यानें तो एकाचा ठरतो. पुतण्या प्रामाणिक असेल. परंतु उद्यां त्याचें लग्न होईल, मुलें होतील, आणि ईश्वर न करो, पण त्याला कांहीं झालें, तर त्या परक्या देशांतील वारसाहक्काचा कायदा घरच्या तोंडी वचनाला ओळखणार नाहीं. थोरल्या भावाची विधवा, जिचा वांटा त्याच चाळीस लाखांत आहे, तिनें मग कोणाच्या दारीं जावें?

म्हणून आमची सूचना अशी आहे. रक्कम बाहेर जाण्यापूर्वीं ती कोणाच्या वांट्याची किती, ती भेट कीं कर्ज कीं भागी, हें वकील आणि हिशेबनीस यांच्या समक्ष लिहून ठेवावें. त्या कागदावर घरांतील स्त्रियांच्याहि सह्या घ्याव्या. ज्यांचें स्त्रीधन आणि ज्यांचा भविष्यकाळ पणाला लागतो, त्यांना शेवटीं कळविण्याची जुनी रीत आतां सोडून द्यावी. आयकराच्या विवरणांत परदेशी मालमत्ता दरवर्षीं दाखवावी लागते, आणि ती लपविणाऱ्याला २०१५ च्या कायद्यानें जबर दंड आहे. परदेशी कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवालहि बँकेमार्फत डिसेंबरअखेर द्यावा लागतो. हें काम पुतण्यानें तेथून नव्हे, तर घरांतील एका जबाबदार माणसानें येथून पाहावें.

चलनाचाहि विचार करावा. तेथील नाणें दक्षिण आफ्रिकेचा रँड आणि इतर मोठीं चलनें यांच्या मिश्र मापाशीं बांधलेलें आहे. समजा, तीन वर्षांत तें रुपयाच्या मानानें शेंकडा पंधरा उतरलें. तर धंद्यांत एक पैहि न गमावतां घरच्या चाळीस लाखांचे चौतीस लाख होतात. म्हणून मुलीच्या शिक्षणाचा, वडिलांच्या औषधपाण्याचा आणि घराच्या हप्त्यांचा पैसा या वाटेला कधींच लावूं नये. जी रक्कम सर्वस्वीं गेली तरी घराची चूल विझणार नाहीं, तेवढीच पाठवावी. आणि तीहि एकदम न पाठवतां तीन हप्त्यांनीं. आधीं माणूस जावा, मग थोडा पैसा, आणि धंद्यानें आपला खर्च आपण भागविला म्हणजे उरलेला.

इतकें सांगितल्यावर आम्ही या साहसाच्या विरुद्ध आहों, असा कोणी ग्रह करून घेऊं नये. घरीं बसून व्याज मोजणाऱ्या समाजाचा उत्कर्ष झाल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं. समुद्र ओलांडणाऱ्या गुजराती बांधवांनीं आफ्रिकेंत पेढ्या घातल्या त्या धाडसावर, हें खरें. पण त्या टिकल्या वहीवर, हेंहि तितकेंच खरें. आमच्या घरांत विद्या आहे, काटकसर आहे. उणीव आहे ती पैशाच्या गोष्टी आपसांत स्पष्ट बोलण्याची. ती भीड सुटली, तर शिरपुरांतील तरुणास कलाहारीहि दूर नाहीं.

बोत्स्वानाच्या नाण्याचें नांव ‘पुला’ असें आहे. त्यांच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ पाऊस, आणि सभा संपतांना लोक याच शब्दानें एकमेकांचें शुभ चिंतितात. पाऊस आणि पैसा यांना एकच नांव देणारें राष्ट्र पाण्याची किंमत जाणतें, यांत शंका नाहीं. खानदेशचा शेतकरीहि ती जाणतो. पावसाचा भरंवसा धरून कोणी घरांतलें सारें बियाणें एकाच शेतांत टाकीत नाहीं. तीच रीत परदेशच्या धंद्यांत पाळावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.